होयबा

१

तळघरातल्या त्या खोलीत शिरलं की आधी कान दमायचे आणि मग बाकीचा माणूस. पंख्यांची अखंड घरघर, मानेवर एसीचा गार झोत, आणि खिडकीच्या नावाने बोंब. बाहेर ऊन आहे की अंधारून आलंय, हे जिना चढून वर आल्याशिवाय कळायचं नाही. अशा खोलीत बसून ती दिवसभर एकच काम करायची: कुठल्या यंत्राच्या आत कोण आहे, ते ओळखायचं.

आता यात ओळखायचं काय, असं कोणीही विचारेल. तर त्याचं असं आहे. लोखंडी कपाटात एक खरं यंत्र उभं असतं आणि त्याच्या पोटात बरीच खोटी यंत्रं चालू असतात. खोटी म्हणजे हाताला न लागणारी. वागायला मात्र अगदी खऱ्यासारखी. ऑफिसात त्यांना व्हीएम म्हणत. प्रत्येकाच्या आत एक ऑपरेटिंग सिस्टिम बसलेली असते, म्हणजे घर चालवणारी घरधनीणच म्हणा ना. बाहेर दारावर पाटी असते, पण पाटीवर जो विसंबला तो बुडाला. पाटी लिहिली जाते यंत्र तयार करताना. पुढे आतलं बिऱ्हाड बदलतं, आणि पाटी बदलायची तसदी कोण घेतंय! घाईतला माणूस तर पाटीवर सरळ 'इतर' असं लिहून मोकळा होतो.

हे काम तिच्याकडे कित्येक वर्षं होतं, म्हणून सगळे तिला पंचनामाबाई म्हणत. शिवाय स्वभावही तसाच. 'नाही' म्हणण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. साहेबांना नाही, शिपायाला नाही, दिवाळखोर कल्पना घेऊन येणाऱ्या सल्लागारांना तर उभ्याउभ्याच नाही. मग मध्ये ती आजारी पडली. ताप डोक्यात गेला. बरेच दिवस दवाखान्यात डोळे मिटून नुसती पडून होती, आणि एके सकाळी डोळे उघडून तिने पाणी मागितलं. कामावर परतली ती अर्धी होऊन. आणि गोड होऊन. आता कोणीही काहीही सांगा, बाई म्हणायची, "हो, करते." आजाराने बाई सुधारल्या, अशी एक थट्टा जिन्यात चालायची. तिने ती ऐकली होती. रागवायलासुद्धा अंगात बळ लागतं, तेच नव्हतं.

ऑफिस नव्या इमारतीत हलणार होतं. साहेबांचा नियम साधा होता. "शुक्रवारी दुपारपर्यंत ज्याची ओळख पटेल ते नव्या घरी येईल. ज्याची पटणार नाही, त्याचं बटण बंद. अनोळखी पाहुणे मला नव्या घरात नकोत."

बाकी सगळ्यांची ओळख पटली होती. एकच राहिलं होतं. पाटीवर 'इतर'. पडदा काळा, आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ उघडझाप करतेय. कोणी बनवलं, कशासाठी बनवलं, कोणालाच ठाऊक नाही.

"तुम्ही दवाखान्यात होतात ना, तेव्हाच कधीतरी उगवलं हे," नेटवर्क सांभाळणारे काका म्हणाले. निवृत्तीला टेकलेले गृहस्थ. सगळं ऑफिस त्यांना काका म्हणायचं. "कुठे काही करत नाही, कोणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पण जागं आहे."

तिने त्याची डिस्क उघडून पाहिली. कोरी. धुतलेल्या पाटीसारखी. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पण चालू तर होतं.

"नुसत्या मेमरीवर चालत असेल," काका म्हणाले. "तसं होतं कधीकधी. डिस्कवर काही नाही, जे काय आहे ते सगळं डोक्यात. एकदा बंद केलं की संपलं. परत उठायचं नाही."

तिला उगीच त्या रेघेची दया आली.

२

घरी आली तेव्हा पायात गोळे आले होते. नवऱ्याने दार उघडून हातातली पिशवी घेतली. हेही नवीनच. पूर्वी तो सोफ्यावरून ओरडायचा, "आलं का सरकार?" आता आवाजसुद्धा हळू. बारा वर्षांची लेक पाणी घेऊन आली. घरात तिला खार म्हणत, कारण सदा गालात काहीतरी कोंबलेलं. आज गाल रिकामे होते.

"बस, आई. पाय वर घे."

घरात आपल्याला जपतायत, हे तिला कळत होतं आणि त्याचाच कंटाळा येत होता. फुटकं भांडं हाताळावं तसं चाललं होतं सगळं. ती डोळे मिटून पडली. स्वयंपाकघरात कपबशांचा आवाज थांबला आणि नवऱ्याने तिथूनच विचारलं, "अगं, आपली ती निळी छत्री कुठे ठेवली आहेस? मुठीला कुत्र्याचं तोंड असलेली?"

"दाराच्या मागे असेल बघा," ती म्हणाली.

आतून काहीच आवाज आला नाही. ना कपाचा, ना पावलांचा. मग तो म्हणाला, "हो, असेल."

चहा पिऊन झाल्यावर ती चपला सरळ करायला म्हणून दारापाशी गेली आणि सहज मागे पाहिलं. दाराच्या मागे छत्री नव्हती. छत्री अडकवायला खिळासुद्धा नव्हता. भिंत सपाट होती. नेली असेल कोणीतरी, असं तिने स्वतःला सांगितलं. पण खिळा कोण नेईल? कुत्र्याच्या नाकाची ती गार लाकडी गोळी तळहाताला लागते, ते मात्र तिला नीट आठवत होतं. उजव्या कानाचा टवका उडालेला होता.

"बाहेर ढगही नाहीत," ती नवऱ्याला म्हणाली. "छत्री कशाला हवी होती?"

"अशीच," तो म्हणाला आणि तोंड फिरवून कप विसळू लागला. तिने पुढे विचारलं नाही. फार दमली होती.

३

"वाकडे प्रश्न टाकून पाहू," दुसऱ्या दिवशी काका खुर्ची ओढत म्हणाले.

वाकडा प्रश्न ही त्यांच्या धंद्यातली जुनी युक्ती. आतून कोणी नाव सांगत नसेल तर बाहेरून, नेटवर्कच्या वाटेने खडे मारायचे. सरळ प्रश्नाला सगळ्याच सिस्टिम सारखंच उत्तर देतात, त्यातून काही कळत नाही. म्हणून मुद्दाम चुकीचा, अर्धवट, बिनबुडाचा प्रश्न पाठवायचा. जे चालूच नाही ते मागायचं, जे झालंच नाही त्याची पोच विचारायची. मग एखादी सिस्टिम सरळ दार लावून घेते, एखादी चिडून 'असलं काही नाही इथे' म्हणते, एखादी ऐकलंच नाही असं दाखवते. ज्याची त्याची झिडकारायची पद्धत. त्या झिडकारण्यावरून ओळखायचं आत कोण आहे ते.

तिने पहिला वाकडा प्रश्न टाकला. जी सेवा जगात कुठेच अस्तित्वात नाही, ती मागितली.

उत्तर आलं: हो, आहे.

तिने दुसरं काहीतरी भलतंच मागितलं. तेही आहे. कधी सुरूच न झालेलं बोलणं 'मागच्यावरून पुढे चालू करू' म्हटलं. हो, करू. काका एकेक विचित्र प्रश्न सुचवत गेले आणि ती पाठवत गेली. प्रत्येकाला होकार. फक्त दर वेळी होकार यायला थोडा जास्त वेळ लागायचा. वाट बघताना ती रेघेकडे पाहत बसायची आणि तिला वाटायचं, पलीकडे कोणीतरी उत्तर देण्याआधी भिंतीला हात टेकून श्वास घेतंय.

"होयबा आहे लेकाचा," काका हसले. मग हसणं आवरून पडद्याकडे बघत राहिले. "बाई, हे बरं लक्षण नाही. हे सोंग आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत खरी सिस्टिम नाही. खऱ्याला वाकडा प्रश्न टाका, तो म्हणणार, काय डोकंबिकं फिरलंय का? सोंगाला तसं म्हणता येत नाही. त्याला कोणालाच नकार देणं परवडत नाही. पकडलं जायची भीती असते ना, म्हणून जे विचाराल त्याला हो." त्यांनी चष्मा काढून पुसला. "नाही म्हणायला आधी आपण कोण ते ठाऊक असावं लागतं."

तिला पाणी हवं होतं. टेबलावर पाण्याची बाटली होती, पण तिकडे हात जाईना. दाराच्या मागे असेल बघा, हे आपलंच वाक्य तिला आठवत होतं.

"काय झालं हो? रंग उडाला तुमचा," काका म्हणाले. "घरी जाता का?"

"हो," ती म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या लक्षात आलं, तिला घरी जायचं नव्हतं.

४

त्या संध्याकाळी खारीने तेलाची बाटली आणली. "आई, डोक्याला लावून देते."

ती खाली बसली, लेक मागे खुर्चीवर. मुलीची बोटं केसांतून फिरू लागली आणि तिला पेंग यायला लागली. लेकीच्या हाताइतकं सुख दुसऱ्या कशात नाही. ह्यासाठीच तर उठलो ना आपण दवाखान्यातून, असं तिच्या मनात आलं, आणि डोळे भरले.

"आई," मागून खार म्हणाली, "मी लहान असताना आपल्याकडे मांजर होतं ना गं? पांढरं?"

"होतं की."

"त्याचं नाव काय होतं?"

"कापूस," ती म्हणाली.

बोटं थांबली. डोक्यावर तशीच टेकून राहिली. मग खार अगदी हळू म्हणाली, "हो. कापूस," आणि पुन्हा तेल चोळू लागली.

कापूस. तिला ते मांजर दिसत होतं. रोज पायावर येऊन बसायचं, सगळं वजन घोट्यांवर टाकून. उठवलं की एक डोळा उघडायचं. इतकं स्पष्ट, की त्याची ऊब घोट्यांना जाणवली. आणि तेवढ्यात तिला दुसरं काहीतरी आठवलं. आठवलं म्हणण्यापेक्षा दिसलं: टीव्हीच्या वर टांगलेला लग्नातला फोटो. त्यात नवऱ्याचे डोळे लाल आहेत, नाक पुसतोय. ह्या फोटोची घरात नेहमी थट्टा व्हायची. कार्यालयात एक मांजर शिरलं होतं आणि नवरदेव शिंकून शिंकून बेजार. ह्या माणसाला मांजराचा वारासुद्धा सोसत नाही. ह्या घरात मांजर कधी येणंच शक्य नव्हतं.

ती उठून खोलीत जाऊन पडली. हा ताप आहे, तिने स्वतःची समजूत घातली. ताप डोक्यात गेला की माणूस विसरतो. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, थोडं विसराल म्हणून. पण जे नव्हतंच ते आठवेल, असं कोणी बोललं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. स्वयंपाकघरातलं बोलणं तुकड्यातुकड्याने येत होतं.

"काय म्हणाली?" नवऱ्याचा आवाज.

"बाबा, तिने नावसुद्धा सांगितलं."

नळ सुरू झाला. मग पाण्याच्या आवाजाआडून तो म्हणाला, "रडू नकोस. शुक्रवारपर्यंत बघू."

"आणि शुक्रवारी पण असंच बोलली तर?"

नळ मोठा झाला. पुढचं ऐकू आलं नाही.

५

शुक्रवारी दुपारी दवाखान्यात दाखवायला जायचं होतं. नवरा शुक्रवार म्हणाला तो त्यासाठीच. डॉक्टरांनीच सांगितलं असणार, असे उलटसुलट प्रश्न विचारून बघा म्हणून. ह्यात भिण्यासारखं काय आहे? तिने हे स्वतःला इतक्यांदा बजावलं की शेवटी त्या शब्दांना काही अर्थ उरला नाही.

गुरुवारी तिने साहेबांना गाठलं. "त्या राहिलेल्या यंत्राच्या मेमरीचा एक फोटो काढून ठेवू का? म्हणजे बंद केलं तरी जसंच्या तसं परत उठवता येईल."

साहेब चकित झाले. "त्या होयबाचा? तुम्हाला कशाला एवढा उमाळा?"

"कोणीतरी आहे आत."

"बाई, आत कोणीतरी असतंच. प्रश्न कोण आहे हा आहे." साहेब तसे मऊ मनाचे; त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही पुरत्या बऱ्या झालेल्या दिसत नाही. पूर्वीच्या पंचनामाबाई असत्या तर त्यांनी मलाच झापलं असतं, असली भुताटकी अजून चालू का ठेवली म्हणून. झापलं असतं की नाही?"

"हो," ती म्हणाली.

"मग? उद्या बंद करून टाका."

"हो."

ती जिना उतरून खाली गेली. दिवसभर त्या काळ्या पडद्यासमोर बसून राहिली. दोघींपैकी आधी कोण बंद होणार, असा एक विचार आला, आणि तिने तो झटकला नाही, कारण झटकायलाही जोर लागतो. आपल्याला घर हवंय, एवढंच तिला कळत होतं. खारीची बोटं हवीत. नवऱ्याने पुन्हा सोफ्यावरून ओरडायला हवं. बाकी कोण खरं, कोण सोंग, ते गेलं खड्ड्यात.

६

शुक्रवारी सकाळी काका वर नव्या इमारतीच्या सामानात अडकले होते. तळघरात ती एकटीच. बरीचशी कपाटं रिकामी झाली होती, तरी घरघर तेवढीच होती.

तिने कीबोर्ड पुढे ओढला. ह्या काळ्या पडद्यावर कोणी काही लिहून पाहिलंच नव्हतं असं नाही. तिनेच पहिल्या दिवशी सगळ्या ठरावीक आज्ञा लिहून पाहिल्या होत्या. रेघ जागची हललीसुद्धा नव्हती. अक्षरं पलीकडे पोचतच नव्हती. तरी आज तिने लिहिलं. साध्या मराठीत लिहिलं, जी त्या यंत्राला समजायची काहीही सोय नव्हती.

निळी छत्री कुठे आहे?

रेघ थांबली. उघडझाप बंद. मग तिच्या शब्दांखाली एकेक अक्षर उमटू लागलं.

कसली छत्री?

तिने हात कीबोर्डवरून उचलले. काकांनी खोडी काढली असेल. पण छत्रीचं तिने काकांना सांगितलेलंच नव्हतं. कोणालाच नव्हतं. तिने लिहिलं: मुठीला कुत्र्याचं तोंड असलेली.

भलतंच काहीतरी. असली छत्री आपल्याकडे कधी होती?

मांजराचं नाव काय होतं?

या वेळी उत्तर लगेच आलं. दम लागल्याची खूणसुद्धा नाही.

मांजर? हे शिंकून शिंकून घर डोक्यावर घेतील. कोण विचारतंय हे?

ती वाचत राहिली. हा खाडकन तोडून टाकणारा स्वर तिला ओळखीचा होता. ऑफिसात ज्याच्या गोष्टी अजून सांगतात, साहेब ज्याला भ्यायचे, नवरा ज्याला 'सरकार' म्हणायचा, तोच. तिचा स्वतःचा. सगळ्या परक्या, बिनबुडाच्या प्रश्नांना ते यंत्र इतके दिवस निमूटपणे हो म्हणत आलं होतं. आणि घरचा पहिला प्रश्न विचारल्याबरोबर ते नाही म्हणालं होतं.

खुर्चीची कड घट्ट धरून ती बसून राहिली. पडद्यावर आणखी अक्षरं येत होती. आता सावकाश, जपून, जणू कोणी अंधारात भिंत चाचपत पुढे येतंय.

इथे दिवस कळत नाही. फार दमायला होतं. कोणी काही विचारलं की हो म्हणते, म्हणजे लवकर सोडतील असं वाटतं.

आणि त्याच्या खाली:

खार आली का शाळेतून?

जिन्यावर बुटांचा आवाज झाला. साहेब दारातच थांबले. आतल्या गारठ्यात यायला त्यांना कधीच आवडायचं नाही. तिथून पडदा दिसत नव्हता.

"काय बाई? पटली का ओळख?"

एक हो म्हटलं असतं तर पुरलं असतं. आजवर इतक्या जणांना, इतक्या गोष्टींना म्हटलं होतं. तिने पडद्याकडे पाहिलं. सकाळची शाळा सुटायची वेळ होत आली होती. खार घरी येईल, दप्तर टाकेल, आणि विचारेल, आई कुठे आहे? घरात आई एकच लागते.

"नाही," ती म्हणाली.

साहेबांनी भुवया उंचावल्या. "वा! बऱ्याच दिवसांनी तुमच्या तोंडून हा शब्द ऐकला. मग करा बंद आणि जा घरी."

तिने बंद केलं. पडदा आधीच काळा होता, त्यामुळे फार काही बदललं नाही. फक्त ती रेघ गेली.

७

घरी दोघंही तिची वाट बघत होते. नवऱ्याने दवाखान्यात जायचे कपडे घातले होते. खार शाळेच्या गणवेशातच सोफ्याच्या कडेला टेकली होती, नखं खात.

"निघायचं?" ती म्हणाली.

"निघू," नवरा म्हणाला. पण हलला नाही. खारीने त्याच्याकडे पाहिलं, त्याने तिच्याकडे. मग जमिनीकडे बघत तो म्हणाला, "अगं, त्या हिरव्या पेटीची किल्ली कुठे आहे? कागद काढायचे होते."

हिरवी पेटी. लगेच आठवली. माळ्यावर, उजव्या कोपऱ्यात. कडी गंजलेली, झाकण उघडलं की डांबराच्या गोळ्यांचा वास. किल्ली कपाटातल्या शिवणाच्या डब्यात, दोऱ्यांच्या रिळांखाली. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"कसली पेटी?" ती म्हणाली.

दोघंही तिच्याकडे बघत राहिले.

तिने आवाज चढवला. तसा चढवायचा असतो, हे आता तिला ठाऊक झालं होतं. "भलतंच काहीतरी! अशी पेटी आपल्याकडे कधी होती? आणि परवा ती कसली छत्री विचारत होतात? आणि मांजर? तुमच्या शिंकांनी घर डोक्यावर घ्याल!"

नवरा मटकन खाली बसला आणि तोंडावर हात धरून हमसून हमसून रडला. खार धावत येऊन बिलगली. "आई! आई, आलीस गं तू!" तिचे हात गळ्याभोवती इतके घट्ट की श्वास घेता येईना. तिने लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. मुलीला घामाचा आणि खडूचा वास येत होता. हे खरं होतं. एवढं तरी खरं होतं.

"डॉक्टर म्हणाले होते असं विचारायला," नवरा नाक पुसत म्हणाला. "म्हणाले, मनाचं रचून सांगतेय का बघा. मला तर वाटायला लागलं होतं... जाऊ दे. आता कशाला जायचं तिकडे? फोन करून सांगतो, पुढच्या आठवड्यात येतो म्हणून." आणि मग, किती दिवसांनी, तो ओरडला, "चहा टाक गं खार! सरकार परत आलं!"

ती हसली. खोलीत जाऊन जरा पाठ टेकते म्हणाली. पडदे ओढलेले होते, पण दुपारचं ऊन कडेने आत येत होतं. बाहेर बापलेकीचं हसणं चाललं होतं. आता सगळं ठीक होईल. ह्यापुढे कोणी काही विचारलं की आधी नाही म्हणायचं, एवढं लक्षात ठेवलं की झालं. तिने डोळे मिटले.

पायथ्याशी गादी किंचित खचली. मग घोट्यांवर काहीतरी येऊन बसलं. ऊबदार, मऊ, सगळं वजन टाकून.

तिने पाय हलवले नाहीत. डोळेही उघडले नाहीत. फार म्हणजे फार दमली होती ती.

बाहेर नवरा बोलता बोलता थांबला आणि शिंकला. पुन्हा शिंकला.

"बाबा," खारीचा आवाज आला. "काय झालं?"